शाफ्ट फिरतोही आणि सरकतोही: फोंड्याच्या एका सिरप लाइनवरचं बेअरिंग प्रकरण

सिरप भरलेल्या बाटलीच्या खांद्यावर अर्ध्या मिलिमीटरचा काळा कण सापडला आणि क्यूएने (गुणवत्ता हमी विभागाने) तिथल्या तिथे लाइन थांबवली. बॅच होल्डवर गेली, डेव्हिएशन (नेहमीपेक्षा वेगळं घडल्याची चौकशी-नोंद) उघडलं गेलं आणि कण आला कुठून याची शोधाशोध सुरू झाली. फोंडा तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीतला हा औषध कारखाना. त्याचं नाव इथे देत नाही. जिथे जिथे बाटल्या भरून बंद केल्या जातात तिथे हा प्रश्न उभा राहू शकतो, म्हणून सगळं प्रकरण तपशिलात लिहितो आहे.

कण चुंबकाला चिकटला, म्हणजे लोखंडाचा. त्या जागी बाटलीच्या डोक्यावर फिरणारी लोखंडी वस्तू एकच होती: कॅपिंग मशीनचे आठ स्पिंडल, म्हणजे टोपी बसवणारी हेड फिरवणारे दांडे. बाटली हेडखाली येते तेव्हा ॲल्युमिनियमची टोपी तिच्यावर आधीच ठेवलेली असते, त्यामुळे कण औषधात गेला नाही. पण टरेटला (आठही हेड घेऊन फिरणाऱ्या चक्राला) लागूनच टोपी न बसलेल्या बाटल्यांची रांग असते. क्यूएची काळजी त्या रांगेची होती आणि ती अगदी योग्य होती.

मशीन काय करतं

ज्यांनी आरओपीपी (रोल-ऑन पिल्फर-प्रूफ, म्हणजे टोपीचे आटे बाटलीवरच वळवणारं) मशीन जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टोपी बाटलीवर येते तेव्हा तिला आटे नसतात, ती साधी गुळगुळीत वाटी असते. हेड खाली उतरतं, टोपीवर वरून दाब देतं आणि फिरणारे छोटे रोलर टोपीचा पत्रा बाटलीच्या काचेच्या आट्यांत दाबत जातात. दुसरी रोलरची जोडी खालची सीलची कडा वळवते. मग हेड वर जातं आणि बाटली पुढे सरकते.

या सगळ्यात स्पिंडलचा शाफ्ट दोन कामं करतो. टरेटच्या कॅममुळे (उंच-सखल वाटेमुळे) तो ४० मिलिमीटर खाली-वर होतो आणि वरच्या पिनियनमुळे (छोट्या दातेरी चाकामुळे) अखंड फिरत राहतो. पिनियन लांब दातांचा आहे, म्हणजे शाफ्ट वर-खाली झाला तरी मधल्या मोठ्या गिअरपासून तो सुटत नाही. शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर. प्रत्येक हेडच्या हाउसिंगमध्ये वर एक आणि खाली एक अशी दोन बेअरिंगं.

मशीन आलं तेव्हा या जागी गनमेटलचे (कांस्य जातीच्या धातूचे) बुश, म्हणजे साध्या नळ्या, आणि एसएस ३१६ या स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट होता. वर्षानुवर्षं ते चाललं. बुशला थेंब थेंब तेल लागायचं आणि त्यातलं थोडं शाफ्टवरून ओघळून खाली यायचं. डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित शेड्यूल एम (औषध कारखान्यांसाठीचे उत्पादनाचे नियम) अधिसूचित झालं, त्यानंतर ऑडिटची तयारी सुरू झाली आणि हे ओघळणारं तेल आधी डोळ्यांवर आलं. तेल उत्पादनाच्या वर टांगलेलं नको, हा आग्रह बरोबरच होता. पुरवठादाराने सुचवलं की बॉल बुश (आत छर्रे असलेला बुश) लावा, ग्रीस भरून बंद, तेलाची कटकटच संपली. लिनिअर बॉल बुश २५ व्यासाचा सहज मिळतो, बाहेरून ४०, लांबी ५९. हाउसिंग ४० ला बोअर करून घेतलं, शाफ्ट इंडक्शन हार्डन केलेला (विजेने तापवून वरून कडक केलेला) आणि हार्ड क्रोम चढवलेला आणला, आणि आठही हेड बदलली.

पहिले काही आठवडे मशीन खरोखर हलकं चाललं. मग आवाज यायला लागला. मग हेडमध्ये प्ले (ढिलेपणा) जाणवू लागला आणि काही टोप्या तिरक्या वळू लागल्या. शेवटी तो कण.

गंजावर आलेला आळ

मला बोलावणं आलं ते ऐन पावसात. गोव्यात जून ते सप्टेंबर हवा सुकतच नाही. खोलीला एअर कंडिशनिंग असलं तरी मशीन गरम पाण्याने धुतल्यावर हाउसिंगच्या आत दमटपणा कोंडून राहतो. मेंटेनन्सचं निदान तयार होतं: खारी हवा, पाऊस आणि गंज. त्यावर उपाय म्हणून स्टेनलेस स्टीलचे बॉल बुश मागवले गेले होते. तेही तसेच गेले, फक्त थोडे उशिरा.

गंजाचं निदान सहज पटतं, कारण खोलून पाहिलं तर आत तांबूस-काळा चिखल खरंच होता. पण गोव्यात प्रत्येक बिघाड समुद्राच्या माथी मारायची सवय मला धोक्याची वाटते. एक शाफ्ट काढून टेबलावर घेतला, ग्रीस पुसलं, टॉर्च आडवी धरली आणि भिंगातून पाहिलं. गंज असता तर खड्डे कसेही विखुरलेले दिसले असते. इथे बुशच्या लांबीएवढा एक पट्टा होता आणि त्या पट्ट्यातला प्रत्येक ओरखडा शाफ्टभोवती गोल गेला होता. नख लांबीच्या दिशेने ओढलं की दर ओरखड्यावर ते अडखळायचं. शाफ्टभोवती गोल फिरवलं की घसरून जायचं. दोन ठिकाणी क्रोमचा थर उचलला गेला होता आणि खालचं काळपट पोलाद उघडं पडलं होतं. तांबूस चिखल नंतरचा होता: आधी पोलाद घासून बारीक झालं, मग दमट हवेत त्या भुकटीला गंज चढला.

दुसरा पुरावा त्याच खोलीत होता. कॅपिंगच्या शेजारचं फिलिंग मशीन बाटलीत नोझल बुडवून भरतं. नोझलचा बार दिवसभर वर-खाली होतो आणि तो दोन गाईड शाफ्टवर अगदी याच मापाच्या बॉल बुशवर चालतो. हवा तीच, धुणं तेच, सिरपचे शिंतोडे तर तिथे जास्त. ते बुश मशीन आल्यापासून बदललेले नव्हते. शाफ्टवर पाहिलं तर लांबीच्या दिशेने गेलेल्या सरळ, चकचकीत, उथळ रेघा. हाताला लागतही नव्हत्या. खारी हवा जर गुन्हेगार असती तर तिने शेजारच्या मशीनला माफ कशाला केलं असतं?

दोन्हीकडे बुश एकच, हवा एकच. फरक एवढाच की तिथला शाफ्ट फक्त सरकत होता आणि इथला सरकता सरकता फिरत होता.

छर्‍याला कुठे जायचंय

लिनिअर बॉल बुशच्या आत छर्‍यांच्या लांबट बंद माळा असतात. या मापाच्या बुशमध्ये सहसा सहा. प्रत्येक माळेची एक सरळ बाजू शाफ्ट आणि बाहेरची पोलादी नळी यांच्यात दाबलेली असते. शाफ्ट सरकला की त्या बाजूचे छर्रे लांबीच्या दिशेने लोळतात, टोकाला वळतात आणि माळेच्या मोकळ्या बाजूने परत येतात. म्हणून बुश कितीही लांब सरकू शकतो, स्ट्रोकला मर्यादा नाही. लोळणाऱ्या छर्‍यांचा घर्षणांक ०.००२ - ०.००३ च्या घरात असतो, आणि साध्या बुशचा त्याच्या कित्येक पट. पुरवठादार हेच आकडे दाखवतो आणि ते खोटे नसतात.

पण ते लांबीच्या दिशेचे आकडे आहेत. शाफ्ट फिरला की छर्‍याला आडवं लोळायचं असतं आणि तिथे माळेची भिंत उभी असते. छर्रा जागच्या जागी अडकतो आणि शाफ्ट त्याच्याखालून घासत जातो. बिंदूएवढ्या जागेवर सगळा भार, वर घसरण, आणि ग्रीसचा पापुद्रा तिथे टिकत नाही. क्रोम उचलला जाणं, भुकटी, काळा चिखल, कण, सगळं याच क्रमाने येतं. कॅटलॉगमध्ये या बुशच्या पानावर बहुधा एक ओळ असतेच की हा फिरत्या हालचालीसाठी नाही. खरेदी करताना ते पान मापासाठी उघडलं जातं, त्या ओळीसाठी नाही.

मग मी एक हिशेब मांडला, आणि माझ्या मते सगळं प्रकरण या हिशेबातच आहे. मशीन मिनिटाला १२० बाटल्या करतं, हेड आठ, म्हणजे प्रत्येक हेड मिनिटाला १५ वेळा खाली-वर होतं. ४० मिलिमीटर जाणं, ४० येणं: मिनिटाला १.२ मीटर सरकणं. तोच शाफ्ट मिनिटाला ३५० फेरे घेतो. २५ व्यासाच्या शाफ्टचा घेर साडेअठ्ठ्याहत्तर मिलिमीटर, म्हणजे त्याचा पृष्ठभाग मिनिटाला साधारण २७.५ मीटर फिरतो. सरकण्याच्या तेवीस पट! उतरण्याचा नेमका क्षण घेतला, म्हणजे टरेटच्या ६० अंशांत पाऊण सेकंदाच्या आत ४० मिलिमीटर, तरी त्या वेळी सरकण्याचा वेग सेकंदाला ६० मिलिमीटर आणि फिरण्याचा ४६० च्या आसपास.

डोळ्यांना हे मशीन वर-खाली होणारं दिसतं, कारण वर-खाली होणं डोळा टिपतो आणि गुळगुळीत शाफ्टचं फिरणं त्याला कळतच नाही. म्हणून निवड झाली ती सरकण्याच्या बेअरिंगची. कामाचा अगदी छोटा हिस्सा त्याने सोपा केला आणि मोठ्या हिश्शात तो शाफ्ट खात बसला.

केजवालं बेअरिंग

फिरणं आणि सरकणं दोन्ही एका जागी झेलणारी बेअरिंगं असतात आणि ती काही नवलाची वस्तू नाही. त्यांतलं सगळ्यात साधं म्हणजे स्ट्रोक रोटरी बेअरिंग. एक कडक, आतून ग्राइंड केलेली नळी, आत शाफ्ट, मध्ये छर्‍यांनी भरलेला केज, म्हणजे भोकं असलेली पातळ नळी. छर्रे माळेत नसतात. केजच्या भोकांत ते एकेकटे, तिरक्या नागमोडी रांगांत बसवलेले असतात. त्यामुळे कुठलाही छर्रा दुसऱ्याच्या वाटेवरून जात नाही आणि झीज सगळीकडे सारखी पसरते. भिंत नाही, म्हणून छर्रा शाफ्ट नेईल तिकडे लोळतो: सरळ, गोल किंवा दोन्ही मिळून मळसूत्राच्या वाटेने.

नमुना टेबलावर ठेवला तेव्हा सावंतवाडीहून रोज येणारे तिथले ज्येष्ठ फिटर तो हातात घेऊन फिरवून म्हणाले, “साहेब, हे तर डाय सेटच्या गाईड पिलरचं केज.”

“तेच ते, काका. फक्त तिथे पिलर नुसता वर-खाली होतो, इथे तो फिरणारही आहे.”

प्रेसच्या डाय सेटमध्ये (पत्रा कापणाऱ्या-वाकवणाऱ्या साच्याच्या जोडीत) बॉल केज वर्षानुवर्षं वापरात आहे आणि काकांनी आधी प्रेस शॉपमध्ये काम केलेलं होतं. त्यामुळे पुढची अर्धी गोष्ट मला समजावावी लागली नाही. केज उलटा बसवायचा नाही, छर्‍यांवर बोट ठेवून तो दाबून घालायचा नाही, शाफ्टच्या टोकाला चॅम्फर (उतरती कड) नसेल तर पहिल्याच वेळी छर्रे नळीला ओरखडतात, हे सगळं त्यांनीच बाकीच्यांना सांगितलं.

या बेअरिंगची एक मर्यादा मात्र नीट समजून घ्यावी लागते. किनाऱ्यावर होडी ओंडक्यांवरून ओढतात तेव्हा होडी दोन हात पुढे जाते आणि ओंडके एकच हात. केजचंही तेच. शाफ्ट ४० मिलिमीटर गेला की केज २० मिलिमीटर जातो. म्हणून नळीच्या आतली लांबी केजपेक्षा निदान स्ट्रोकच्या निम्म्याने जास्त हवी, नाहीतर केज टोकाच्या रिंगवर आदळतो, थांबतो आणि छर्रे पुन्हा घासायला लागतात. सूत्र साधं आहे: नळीच्या आतल्या लांबीतून केजची लांबी वजा करा आणि दुप्पट करा, तो झाला जास्तीत जास्त स्ट्रोक. पहिल्या नमुन्यात नळी ५० आणि केज २८ होता. फरक २२, स्ट्रोक ४४. कागदावर ४० त्यात बसतो. पण दोन्ही टोकांना केजसाठी उरतो फक्त एकेक मिलिमीटर. मी जास्तीत जास्त स्ट्रोकच्या ऐंशी टक्क्यांवर जात नाही. इथे तर जवळपास ९१ टक्के होत होते. ५५ लांबीची नळी घेतली की मर्यादा ५४ होते आणि आपला ४० तिच्या ७४ टक्क्यांवर येतो. म्हणून लांब नळी मागवली.

आयुष्याचा हिशेबही इथे वेगळ्या टोकाने धरावा लागतो. ३५० फेरे म्हणजे तासाला २१,०००. दोन शिफ्टचे १६ तास धरले तर तीन दिवसांत दहा लाख फेरे पूर्ण. वर्षाचे ३०० दिवस म्हणजे सुमारे दहा कोटी. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या उलट प्रमाणात चालतं, म्हणून वर्षभर टिकायला बेअरिंगची भारक्षमता प्रत्यक्ष भाराच्या निदान ४.६ पट हवी. टोपीवर टेकताना बसणारे धक्के धरून मी सात पट घेतली. कॅटलॉग चाळताना एक जपा. काही उत्पादक सरकत्या बेअरिंगची क्षमता ५० किलोमीटरच्या आयुष्यावर छापतात, काही १०० किलोमीटरच्या. एकाच बेअरिंगचा ५० च्या पायावरचा आकडा १०० च्या पायावरच्या आकड्याच्या १.२६ पट दिसतो. दोन पानं शेजारी ठेवून मोठा आकडा निवडला तर फसायला होतं.

आणि हे बेअरिंग अक्षाच्या दिशेचा भार अजिबात घेत नाही. टोपीवरचा वरून येणारा दाब कॅमच्या फॉलोअरने आणि त्याच्या थ्रस्ट बेअरिंगनेच झेलायचा. या मशीनवर तशी सोय होती, म्हणून पुढे जाता आलं.

जे निवडलं नाही

एक पर्याय असा होता की बॉल बुश तसाच ठेवायचा आणि तो सगळाच्या सगळा एका नीडल (बारीक रोलरच्या) किंवा बॉल बेअरिंगमध्ये बसवायचा. आतला बुश सरकणं बघेल, बाहेरचं बेअरिंग फिरणं. अशी जोड बेअरिंगं तयार मिळतात आणि लांब स्ट्रोक असेल तर तीच घ्यावीत, कारण केजवाल्या बेअरिंगला स्ट्रोकची मर्यादा असते. इथे दोन अडचणी होत्या. बाहेरचा व्यास वाढतो आणि हाउसिंगच्या कास्टिंगची भिंत तेवढं बोअर सोसणार नव्हती. दुसरी अडचण कमी दिसते पण जास्त महत्त्वाची आहे. आतला बुश शाफ्टबरोबर फिरतो तो केवळ छर्‍यांच्या पकडीने. बाहेरच्या बेअरिंगला घट्ट रबरी सील असेल आणि त्यात सुकलेला सिरप चिकटला, तर त्याचा अडथळा पकडीपेक्षा मोठा होतो, बुश मागे राहतो आणि शाफ्ट परत छर्‍यांवर घासू लागतो. बाहेरून सगळं ठीक दिसतं, आत जुनाच रोग.

हे पक्कं टाळायचं असेल तर बॉल स्प्लाइन. शाफ्टवर लांबीच्या खाचा, नटमधले छर्रे त्या खाचांत. नट बेअरिंगवर बसवून गिअरने नटच फिरवायचा. शाफ्ट त्याच्याबरोबर फिरतो आणि हवा तेव्हा आतून सरकतो. टॉर्क पकडीवर सोडलेला नसतो. जपानच्या यामानाशी विद्यापीठात हिरोशी माकिनो यांनी १९७८ मध्ये स्कारा (आडव्या सांध्यांच्या हाताचा) रोबोट साकारला. आज असे रोबोट वस्तू उचलतात, फिरवतात आणि खाली ठेवतात, तेव्हा त्यांचा उभा शाफ्ट बहुतेक वेळा बॉल स्क्रू आणि बॉल स्प्लाइनच्या जोडीवरच चालतो. नवीन मशीन विकत घेताना मी हाच आग्रह धरेन. जुन्या मशीनच्या आठ हेडांत तो घालायचा तर शाफ्ट, पिनियन, गिअर, सगळंच नव्याने करावं लागलं असतं.

गनमेटलकडे परत जाण्याचा विचारही गंभीरपणे झाला. साधा बुश दोन्ही हालचाली आनंदाने घेतो, धक्का सोसतो, स्वस्त आहे. तेलाऐवजी स्वतःच वंगण देणारे पॉलिमर बुशही मिळतात. पण इथे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला जवळपास अर्धा मीटर, दिवसाचे १६ तास, तेलाशिवाय. झीज होणारच, आणि झिजलेला कण मऊ प्लास्टिकचा असला तरी बाटलीच्या खांद्यावर तो कणच. क्यूएने नकार दिला आणि मला तो पटला.

एका हेडवर ट्रायल

आठही हेड एकदम बदलायचा मोह व्यवस्थापनाला होता, कारण माल अडकलेला होता. मी एकाच हेडचा आग्रह धरला. बाकीच्या सात हेडांना तोवर साधे बुश आणि जुने ३१६ चे शाफ्ट घातले आणि खाली तेल झेलणारी थाळी लावली. त्या सातांवरची पाहणी क्यूएच्या देखरेखीखाली वाढवली.

नव्या शाफ्टचं पोलाद हा मोठा वादाचा मुद्दा झाला. ३१६ गंजत नाही, पण ते पाणी देऊन कडक होत नाही. छर्‍यांखाली त्यात खाचा पडतात. छर्‍यांना साधारण ५८ एचआरसी (कडकपणाचं रॉकवेल माप) किंवा त्याहून कडक पृष्ठभाग लागतो, त्याखाली गेलं की भारक्षमता झपाट्याने उतरते. क्रोम चढवलेला शाफ्ट मी या जागी घेतला नाही, कारण थर सुटला तर तोच कण. निवडलं ४४० सी: स्टेनलेस, आरपार कडक होणारं. ते ३१६ इतकं गंजरोधक नाही, हे क्यूएला आणि मेंटेनन्सला स्पष्ट लिहून दिलं. धुतल्यावर ते ओलं सोडलं तर डाग पडतात. म्हणून धुण्याच्या एसओपीमध्ये (लेखी कार्यपद्धतीत) शाफ्ट कोरडा पुसणं आणि अन्नाशी चुकून संपर्क झाला तरी चालेल अशा एच१ दर्जाच्या ग्रीसचा पातळ हात फिरवणं घातलं गेलं. चवथीला कारखाना बंद राहतो, त्याआधी तर हे नक्की करायचं.

शाफ्ट बेळगावला ग्राइंड करून आणला. चोर्ला घाटातून ये-जा करावी लागली, पण एवढ्या अचूक सिलिंड्रिकल ग्राइंडिंगसाठी इथले बरेच कारखाने बेळगाववरच अवलंबून असतात. केजमध्ये छर्रे, शाफ्ट आणि नळी यांच्यात काही मायक्रॉनचा प्रीलोड (मुद्दाम ठेवलेला घट्टपणा) ठेवला. उभ्या शाफ्टवर हे सोडून चालत नाही: सैल केज स्वतःच्या वजनाने आणि मशीनच्या थरथरीने हळूहळू खाली बसतो.

आणि तरीही केज खाली सरकला. ट्रायलच्या हेडमधून थोड्या दिवसांनी बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली. खोलून पाहिलं तर खालच्या बेअरिंगची टोकाची रिंग एका बाजूने चकचकीत झाली होती, केज तिच्यावर आदळत होता. प्रीलोड बरोबर, लांबी बरोबर. मग हाउसिंगमध्ये टेस्ट बार (अचूक सरळ दांडा) घालून डायल (बारीक फरक दाखवणारं मोजमापाचं घड्याळ) फिरवला तेव्हा उत्तर मिळालं. वरचं आणि खालचं बोअर एका रेषेत नव्हतं. बॉल बुशसाठी बोअर मोठं करताना दोन्ही टोकं वेगवेगळ्या सेटिंगमध्ये केली गेली होती.

तिरकेपणाने केज का चालायला लागतो हे समजून घेण्यासारखं आहे. शाफ्ट नळीला जरासा तिरका असला की फिरताना एका बाजूचे छर्रे किंचित वर चढू पाहतात आणि समोरच्या बाजूचे खाली उतरू पाहतात. भार चारी बाजूंनी सारखा असता तर दोन्ही ओढ फिटल्या असत्या. पण इथे गिअरचा रेटा सतत एकाच बाजूने होता. त्या बाजूचे छर्रे जास्त दाबलेले, त्यांची पकड जास्त, म्हणून केज त्यांच्या म्हणण्याप्रमाणे चालला. केज स्वतः मिनिटाला दीडशेच्या वर फेरे घेतो. प्रत्येक फेऱ्याला केसभर सरकला तरी शिफ्ट संपायच्या आत टोक गाठतो. नुसत्या वर-खाली होणाऱ्या डाय सेटमध्ये एवढा तिरकेपणा कदाचित खपूनही गेला असता.

हाउसिंग काढून एका सेटिंगमध्ये लाइन बोअर केलं (दोन्ही बोअर एका रेषेत आणली), त्यात स्लीव्ह घातली आणि स्लीव्हचं आतलं माप शेवटी एकत्रच घेतलं. खालच्या टोकाला सिलिकॉनचा बेलो (घड्यांचं लवचिक आवरण) लावला, कारण या प्रकारच्या बेअरिंगचं सील असलंच तर अगदी नाममात्र असतं आणि सिरपची साखर सुकून आत बसली तर कुठलाच केज फिरत नाही. बेलो वरच्या टोकाला फिरत्या भागाशी बांधायचा नाही, नाहीतर तो पिळून फाटतो. तो न फिरणाऱ्या हाउसिंगवर आणि खाली फॉलोअरच्या न फिरणाऱ्या कॉलरवर बसवला.

टिकटिक थांबली. पुढच्या तपासणीत शाफ्टवर एकसारखा, किंचित मंद पट्टा दिसला आणि नख कुठल्याही दिशेला अडखळलं नाही. रिंगांवर खूण नव्हती. टोपी उघडायला लागणारा टॉर्क क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण विभाग) रोज मोजतं. त्या हेडच्या बाटल्यांचे आकडे एकमेकांच्या जवळ राहू लागले. त्यावर व्यवस्थापनाने उरलेल्या सात हेडांना मंजुरी दिली आणि ती एकेक करून, प्रत्येकाचं लाइन बोअर डायलखाली तपासून, बदलली गेली.

आणखी कुठे

हीच जोड हालचाल एकदा ओळखीची झाली की ती जागोजागी दिसू लागते. ऑफसेट छपाई यंत्रात शाई सारखी पसरावी म्हणून काही रोलर फिरता फिरता डावी-उजवीकडे सरकतात. ड्रिलिंग मशीनचा स्पिंडल फिरतो आणि क्विलबरोबर (भोवतीच्या सरकत्या नळीबरोबर) उतरतो. तिथे बेअरिंगं क्विलमध्ये असतात आणि फिरणं स्प्लाइनमधून येतं, म्हणजे दोन हालचालींची वाटणीच केलेली असते. होनिंगचं (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करणारं) हेड सिलिंडरमध्ये फिरत वर-खाली होतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीतल्या पिक अँड प्लेस हेडना भाग उचलून नेमक्या कोनात वळवावा लागतो. प्रत्येक ठिकाणी प्रमाण वेगळं: रोलरमध्ये फिरणं भरपूर आणि सरकणं थोडं, पिक अँड प्लेसमध्ये सरकणं जास्त आणि फिरणं पाव-अर्धा फेरा. पाव फेराच असला तरी साधा बॉल बुश तिथे एकटा टिकत नाही.

या कारखान्यात आता बेअरिंगच्या इंडेंटवर (मागणीपत्रावर) मापाबरोबर आणखी चार रकाने भरावे लागतात: मिनिटाला फेरे, स्ट्रोक, मिनिटाला स्ट्रोकची संख्या, आणि दोन्ही हालचाली एकाच वेळी होतात का. हे रकाने स्टोअर भरत नाही, मशीनसमोर उभं राहून मेंटेनन्स भरतं. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक हेडचा केज काढून टोकाच्या रिंगा पाहायच्या असंही ठरलं आहे; केज सरकू लागला तर पहिली खूण तिथेच उमटते.

त्याच शेडच्या कोपऱ्यात एकाच हेडचं हाताने बाटली ठेवायचं जुनं आरओपीपी मशीन आहे, छोट्या ट्रायल बॅचसाठी. त्याचा वेग अगदी कमी, दिवसातून थोडा वेळच चालतं, आणि त्यात गनमेटलचाच बुश आहे. तोही बदलून टाकू का, असं मला विचारलं गेलं. बुश झिजलेला नव्हता. त्याला तेल झेलणारी रिंग लावा, दर बॅचआधी ती पुसा आणि बुश राहू द्या, असं मी लिहून दिलं.